कटरचे टेबल आणि सुताराची बोटे

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत घराचे नूतनीकरण सुरू झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात एक टेबल उभे राहते. ते विकत आणलेले नसते. प्लायवूडच्या पट्ट्यांचे पाय, वर एक जाड फळी, फळीत लांबट खाच आणि खाचेखाली उलटी बसवलेली, एरवी हातात धरायची कटर मशीन. मशीनचे बटण तारेने किंवा चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले असते. चालू-बंद करायचे ते भिंतीवरच्या बोर्डापाशी. पात्यावरचे झाकण काढून टाकलेले असते किंवा मागे ओढून बांधलेले असते. महिना-दीड महिना याच टेबलावर घरातली कपाटे, पलंग, टीव्हीचे युनिट, स्वयंपाकघरातले कप्पे कापले जातात. आणि कधी कधी बोटेही.

असे काही घडले, की पुढची वाक्ये ठरलेली असतात. ‘त्याचे लक्ष नव्हते’, ‘घाई केली’, ‘फोनवर बोलत होता’. जखमी माणूस पट्टी बांधून गावी जातो, ठेकेदार दुसरा हात शोधतो, काम पुढे सरकते. टेबल मात्र तेच राहते. दोष माणसाच्या लक्षावर टाकला, की टेबलाकडे पाहण्याची गरज उरत नाही, ही यातली खरी सोय आहे. परंतु हे यंत्र कसे चालते ते समजून घेतले, तर केवळ लक्ष ठेवून त्यापासून वाचण्याची अपेक्षा किती तोकडी आहे ते कळते.

पाव सेकंदाचा हिशेब

कटरचे सात इंची पाते मिनिटाला सुमारे पाच हजार फेरे घेते. त्या हिशेबाने दात्यांचा वेग ताशी १६८ किलोमीटरच्या आसपास जातो. अनेक ठिकाणी फरशी कापण्याच्या छोट्या मशीनलाच लाकडाचे पाते लावतात. ते ११० मिलिमीटरचे असते, पण फेरे मिनिटाला १२ हजारांपर्यंत, म्हणजे कडेचा वेग ताशी जवळपास २५० किलोमीटर. ४० दात्यांचे सात इंची पाते असेल, तर एका जागेवरून सेकंदाला तीन हजारांहून अधिक दाते जातात. धोका डोळ्यांना दिसून हात मागे घ्यायला निरोगी, जाग्या, सावध माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात आठशेहून अधिक दाते फिरून गेलेले असतात. ज्या सुताराचे लक्ष पूर्णपणे पात्यावर आहे, त्यालाही हा हिशेब चुकत नाही.

त्यात भर पडते ती लाकूड उलटे उडण्याची. टेबलावरच्या पात्याचे पुढचे, म्हणजे माणसाच्या बाजूचे दाते खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. कापलेली फट मागच्या बाजूला मिटली, किंवा फळी जराशी तिरकी झाली, की हे वर येणारे दाते लाकूड पकडतात, उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. फळी पोटात किंवा छातीत बसते, हा एक धोका. दुसरा त्याहून वाईट. फळीवर जोर देऊन ठेवलेल्या हाताखालून फळीच निघून जाते आणि तो हात जोरासकट पात्यावर पडतो. यात निष्काळजीपणा शोधायचा कुठे?

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभी राहणारी पोलादी पट्टी. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याच्या धातूपेक्षा किंचित जाड आणि दात्यांनी पाडलेल्या फटीपेक्षा किंचित पातळ असते. त्यामुळे ती फटीत सहज शिरते, फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दात्यांपर्यंत पोहोचू देत नाही. पाते वर-खाली केले की तीही सोबत वर-खाली होते. ब्रिटनमधल्या लाकूडकामाच्या यंत्रांसाठी १९२२ मध्ये झालेल्या नियमांत ही पट्टी होती. आपल्याकडे कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्रांचे धोकादायक भाग झाकणे बंधनकारक झाले आणि त्याखालच्या राज्यांच्या नियमांत गोल करवतीसाठी ही पट्टी, वरचे झाकण आणि लाकूड ढकलायची काठी या तिन्हींचा उल्लेख आला. म्हणजे ज्ञान नवे नाही. ते दिवाणखान्यापर्यंत पोहोचलेले नाही, कारण दिवाणखाना हा कारखाना नाही. विजेवर चालणाऱ्या जागी किमान १० कामगार असले तर कारखाना, असे मूळ कायद्याने म्हटले होते. २०२० च्या संहितेने ती संख्या २० केली. तीन सुतार आणि एक मदतनीस त्यात कधीच बसणार नाहीत.

प्रत्येक कापाचा धोका वेगळा

‘जपून काप’ हा सल्ला आणखी एका कारणाने निरुपयोगी ठरतो. लाकूड एकाच प्रकारे कापले जात नाही आणि प्रत्येक कापाचा धोकाही सारखा नसतो. नेमके काय जपायचे हे सांगितले नाही, तर सल्ल्याला अर्थ राहत नाही.

लाकडाच्या रेषांच्या दिशेने घेतलेला उभा काप हा फळी उलटी उडण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. ओल्या-सुक्या लाकडात ताण साठलेला असतो. कापताच दोन्ही भाग वळतात आणि फट मिटते. म्हणून इथे मागची पट्टी हवीच. बाजूची सरळ गाईड पात्याला समांतर हवी. मागच्या टोकाला ती पात्याकडे झुकली असेल, तर लाकूड तिथे आवळले जाते. गाईडशिवाय, नुसत्या रेघेवर नजर ठेवून मोकळ्या हाताने उभा काप घेणे म्हणजे फळी तिरकी होण्याची वाट पाहणे. पाते लाकडाच्या वर थोडेच, दात्याच्या उंचीएवढे, दिसावे. उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत न राहता एका बाजूला. आणि गाईड व पाते यांतले अंतर वीतभराहून कमी झाले, की हाताऐवजी ढकलायची काठी. कपाटाच्या कडेला लावायच्या बारीक पट्ट्या कापताना बोट आणि पाते यांत अंगठ्याएवढे अंतर उरते. ती काठी प्लायच्या टाकाऊ तुकड्यातून पाच मिनिटांत तयार होते. ती नसण्याचे कारण खर्च हे असू शकत नाही.

रेषांना छेद देणाऱ्या आडव्या कापात लाकूड आवळले जाण्याचा धोका कमी, पण चूक वेगळी होते. आडवी फळी गाईडला टेकवून पुढे सारली, तर तिचे अरुंद टोक गाईडवर स्थिर राहत नाही आणि ती फिरते. आडव्या कापासाठी खाचेतून सरकणारा गुण्या हवा आणि त्या वेळी गाईड बाजूला काढलेली हवी. दोन्ही एकदम वापरले, तर कापून पडलेला तुकडा पाते आणि गाईड यांच्यामध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. एकाच मापाचे दहा तुकडे हवे असतील, तर गाईडला पात्याच्या बरेच अलीकडे एक ठोकळा बांधावा. माप ठोकळ्यावर जुळते आणि कापला जाणारा तुकडा मोकळा राहतो. पात्याशेजारी पडलेला छोटा तुकडा बोटाने उचलायचा मोह फार जुना आहे. पाते पूर्ण थांबेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

प्लायचे आठ बाय चारचे अख्खे शीट ही तिसरी गोष्ट. १८ मिलिमीटरचे शीट तीस किलोंच्या वर भरते आणि उलट्या कटरचे हलके टेबल त्याच्या वजनाने हलते. मग समोर एक पोरगा उभा केला जातो, ‘ओढ’ म्हणून. ओढणाऱ्याला पाते दिसत नसते आणि त्याच्या ओढण्याने शीट तिरके होते. समोरच्याने फक्त वजन पेलायचे, ढकलायचे ते एकानेच. त्याहून बरे म्हणजे मोठे काप टेबलावर घ्यायचेच नाहीत. शीट जमिनीवर पट्ट्यांवर ठेवून, सरळ पट्टी बांधून, कटर हातात धरून कापावे. अशा वेळी मशीनचे स्वतःचे झाकण काम करते. अनेक प्लायच्या दुकानांत मोठ्या यंत्रावर मापाने शीट कापून मिळते. तो पर्याय सर्वांत सुरक्षित.

ड्रॉवरच्या तळासाठी किंवा कपाटाच्या पाठीसाठी खोबण पाडताना पाते लाकडाच्या आत लपलेले असते. दिसत नाही म्हणून हात बिनधास्त त्याच्यावरून जातो. आणि या कापासाठी वरचे झाकण खरोखरच काढावे लागते. ‘झाकण अडचणीचे’ ही सुतारांची तक्रार इथे खरी आहे. अडचण पुढे सुरू होते. खोबणीसाठी सकाळी काढलेले झाकण संध्याकाळपर्यंत, मग कायमचे, कोपऱ्यात पडून राहते. खोबण पाडतानाही मागची पट्टी पात्याच्या टोकाच्या किंचित खाली ठेवून वापरता येते आणि लाकूड वरून दाबायला मुठीचे ठोकळे वापरता येतात. तिरका काप घेताना पाते गाईडपासून दूर झुकलेले असावे. गाईडच्या बाजूला झुकले, तर लाकूड त्याच्याखाली कोंडले जाते.

राहिले ते जुने लाकूड. वाडा पाडला की त्यातले सागवान नव्या घरात वापरायची हौस वाढते आहे. त्या तुळयांत खिळे असतात, फळ्या पिळलेल्या असतात. खिळ्याला लागून दाता तुटला तर तो डोळ्यात जातो. पिळलेली फळी टेबलावर डगमगते आणि पात्यात अडकते. अशी फळी आधी रंध्याने एका बाजूने सपाट झाल्याशिवाय आणि खिळे काढल्याशिवाय टेबलावर येऊ नये. चश्मा तर प्रत्येक कापाला हवा. हातमोजे मात्र नकोत. मोज्याचा धागा दात्यात अडकला की बोटासकट हात आत जातो. मनगटावरचा दोरा, सैल बाही, लोंबता गमछा यांचेही तेच.

बटण कुणाच्या हातात?

या टेबलाचा सर्वांत कमी चर्चिला जाणारा दोष म्हणजे बटण. ते दाबून बांधलेले असल्याने अडचणीच्या क्षणी मशीन बंद करायला भिंतीपर्यंत जावे लागते, तेही दोन्ही हात फळीवर असताना. शिवाय वीज गेली आणि पंधरा मिनिटांनी परत आली, की मशीन आपोआप सुरू होते. तोवर कुणी पात्यातला भुसा साफ करत असेल, तर? टेबल सॉ म्हणून बनवलेल्या चांगल्या यंत्रांत असा खटका असतो, की वीज गेल्यावर तो सुटतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. गुडघ्याने दाबून बंद करता येईल असे मोठे लाल बटणही असते. उलट्या कटरला हे दोन्ही नाही. म्हणूनच हातात धरायची मशीन उलटी बांधून केलेले टेबल हे ‘स्वस्त टेबल सॉ’ नाही. सुरक्षेचे सगळे भाग वजा केलेले ते यंत्र आहे.

तंत्रज्ञान याच्या पुढे गेले आहे. भौतिकशास्त्रातले डॉक्टर आणि पेटंटचे वकील असलेल्या स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत अशी यंत्रणा तयार केली, जी पात्याला त्वचा लागताच विजेतला फरक ओळखते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबवते. बोटावर ओरखड्याएवढी जखम होते. ती सर्व टेबल सॉंना सक्तीची करावी, असा अर्ज तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे २००३ मध्ये गेला. त्यानंतरची दोन दशके किंमत आणि पेटंट यांच्या वादात गेली. दरम्यान त्याच आयोगाच्या अंदाजानुसार तिथे या पात्याच्या जखमांमुळे वर्षाला सुमारे तीस हजार लोक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतात आणि बोटे वा हाताचा भाग तुटण्याचे प्रकार चार हजारांच्या घरात आहेत. इथे मात्र प्रश्न पाच मिलिसेकंदांच्या यंत्रणेचा नाही. शंभर वर्षांपूर्वीची पट्टी, झाकण आणि एक खटका यांचा आहे.

तुटलेले बोट आणि पहिला तास

अपघात झालाच, तर काय करायचे हे प्रत्येक कामाच्या जागी माहीत असायला हवे. आधी मशीन बंद. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात हृदयाच्या वर धरायचा. हळद, चुना, कॉफी काहीही भरायचे नाही. त्याने रक्त थांबण्यापेक्षा जखम साफ करणे अवघड होते. बोटाच्या मुळाशी दोरी आवळायची नाही. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढायची. तुटलेला भाग शोधून सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि जोडण्याची शक्यता संपते. जखमीला खायला-प्यायला द्यायचे नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करायचा आणि सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. पाते बोट सरळ कापत नाही, फाडते. म्हणून जोडणे प्रत्येक वेळी जमत नाही. पण चुकीच्या रीतीने नेलेले बोट जोडता येण्यासारखे असूनही वाया जाऊ शकते.

जे दिसत नाही तेही मोजायला हवे. लाकडाचा भुसा हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. तो नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांत होतो. बंद खोलीत, खिडक्या लावून, तोंडाला रुमाल बांधून केलेले काम त्यापासून वाचवत नाही.

दरपत्रकातली एक ओळ

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे कोष्टक होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरतात, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. पटाशी धरणाऱ्या, रेघ मारणाऱ्या, कड चाचपून पाहणाऱ्या हाताची तर्जनी १४ टक्के असते का, हा प्रश्न आहेच. पण ज्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, हजेरी नाही, ज्याला चौरस फुटांवर पैसे मिळतात, त्याला तेवढेही मिळवणे कठीण.

म्हणून अपघाताआधीच्या ओळी महत्त्वाच्या. काम सुरू होण्यापूर्वी सोसायटी अर्ज भरून घेते. अनामत रक्कम, कामगारांची ओळखपत्रे, राडारोड्याची विल्हेवाट, दुपारी दोन ते चार आवाज नको. शेजाऱ्यांची झोप या अर्जात आहे, सुताराची बोटे नाहीत. ‘झाकण, मागची पट्टी आणि जवळ बटण नसलेले कापणीचे टेबल चालणार नाही’ ही एक ओळ त्यात घालायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. घरमालक बिजागरीची कंपनी आणि सनमायकाची छटा ठरवतो, तसेच यंत्रही ठरवू शकतो. पट्टी, झाकण आणि खटका असलेले छोटे टेबल सॉ बाजारात मिळतात. ठेकेदाराने तो खर्च दरात धरावा आणि घरमालकाने तो घासाघीस न करता द्यावा. आजच्या दरात तो खर्च दिसत नाही, कारण तो सुतार आपल्या हाताने भरतो.

सरकारलाही फार दूर जावे लागणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत त्यात आहे. त्या प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस प्रत्येक कापाच्या धोक्यासाठी राखून ठेवला आणि अवजारांच्या पेटीत चश्मा, श्वासाचा चांगला मास्क आणि ढकलायची काठी आली, तर ती सुरुवात ठरेल.

‘इतकी वर्षे असेच कापतोय, काही झाले नाही’ असे म्हणणारे अनुभवी मिस्त्री पुष्कळ आहेत आणि त्यांचे कौशल्य खरे आहे. पण त्या टेबलावर उद्या त्यांच्या जागी अठरा वर्षांचा मदतनीस उभा राहणार आहे आणि त्याच्याकडे ती वर्षे नाहीत. त्याच्या हाताचे रक्षण यंत्रानेच करायला हवे.